सातवा रकाना

देवळाच्या पटांगणात दीपमाळ उभी असावी, तिच्या एका अंगाला वडाचा विस्तार यावा, दुसऱ्या अंगाला पडझडीस आलेल्या ओवऱ्यांची रांग असावी, माथ्यावरून विजेची तार गेलेली असावी आणि पायथ्याशी कोणीतरी पोत्यावर मिरच्या वाळत घातलेल्या असाव्यात. अशा ठिकाणी एखाद्या चार वर्षांच्या मुलाला नेऊन एकदा दीपमाळेचे नाव सांगितले, की पुढच्या गावच्या देवळापुढे ते मूल आपण होऊन बोट दाखवील, आणि बोट दाखविताना पारंब्या, तार वा मिरच्या यांपैकी काहीही दीपमाळेच्या हिशेबात धरणार नाही. वस्तू कोणती आणि तिच्याभोवतीचा पसारा कोणता, याचा निवाडा आपली दृष्टी इतक्या सहजपणे करते, की आपण काही निवाडा केला याचीही आपणांस जाणीव राहत नाही. ती जाणीव व्हावयास यंत्राची संगत घडावी लागते.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ जुन्या वास्तूंचे ड्रोनच्या साहाय्याने त्रिमितीय आलेखन करतात. अशाच एका दीपमाळेची त्यांनी तयार केलेली प्रतिकृती मी त्यांच्या संगणकावर पाहिली. पडद्यावर ती हवी तशी फिरविता येत होती, दिव्यांसाठी बाहेर काढलेले दगडी हात एकेक करून मोजता येत होते, आणि मी त्यांचे अभिनंदन करणार तोच ते म्हणाले, "थांबा, ही अजून दीपमाळ झालेली नाही." त्यांनी चित्र जवळ आणले. पारंब्या दगडात शिरल्या होत्या, विजेच्या तारेचे तुकडे अधांतरी लोंबत होते, पायथ्याचा चौथरा आणि फरसबंदी यांच्यामधला सांधा बुजून गेला होता, आणि माळेच्या कडेकडेने निळसर चिंध्या लागल्या होत्या, त्या आकाशाच्या होत्या. "फोटो काढायला पाऊण तास लागला," ते म्हणाले, "आता ही माळ यातून सोडवून घ्यायला दोन दिवस लागतील." सोडवून घेणे हा त्यांचा शब्द मला फार समर्पक वाटला. प्रस्तुत लेखाचा विषय तीच सोडवणूक होय.

छायाचित्रावरून मापे घेण्याची विद्या ड्रोनहून पुष्कळ जुनी आहे. १८५८ साली जर्मनीतील वेट्झलार येथील कॅथीड्रलची मोजणी करीत असता आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर हा तरुण वास्तुविद उंचावरून पडता पडता वाचला, आणि जिवावर उदार होऊन भिंतीला दोरी लावण्यापेक्षा भिंतीचे छायाचित्र घेऊन त्यावर माप घेता येणार नाही काय, हा विचार त्याच्या मनात आला. पुढे १८६७ मध्ये 'फोटोग्रामेट्री' हे नाव रूढ झाले, आणि १८८५ मध्ये प्रशियाच्या राजवटीने स्मारकांच्या अशा आलेखनासाठी बर्लिन येथे त्याच्या देखरेखीखाली स्वतंत्र संस्थाच स्थापन केली. तत्त्व अगदी साधे आहे. एकच ठिकाण दोन निरनिराळ्या जागांवरून पाहिले, तर त्या दोन दृष्टिरेषा जेथे परस्परांस छेदतात तेथे ते ठिकाण असले पाहिजे. आपले दोन डोळे अंतराचा अदमास घेतात तो काहीसा याच न्यायाने.

ड्रोनचा चालक हेच काम शेकडो पटींनी करतो. दीपमाळेभोवती निरनिराळ्या उंचीवरून तो ड्रोनला प्रदक्षिणा घालावयास लावतो आणि लागोपाठच्या दोन चित्रांत सत्तर-ऐंशी टक्के भाग समान येईल अशा बेताने छायाचित्रे घेत जातो. सर्वसाधारणपणे वापरात असलेल्या एक इंची संवेदकाच्या, २० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने बारा मीटरांवरून घेतलेल्या चित्रात एका पिक्सेलमध्ये सुमारे तीन मिलिमीटर दगड मावतो. साठ मीटरांवरून घेतलेल्या चित्रात सुमारे सोळा. मग संगणक प्रत्येक चित्रात ठळक खुणा शोधतो, म्हणजे टवका उडालेला कोपरा, शेंदराचा डाग, दोन चिऱ्यांमधली फट अशा. आणि या खुणांच्या आधारे चित्राची चित्राशी रुजवात घालतो. कोन आणि आकार बदलला तरी ओळखू येईल अशा रीतीने खूण टिपण्याची एक पद्धत डेव्हिड लो या संशोधकाने १९९९ मध्ये मांडली, तिने या कामाला मोठा वेग दिला. रुजवात पुरी झाली की प्रत्येक चित्र कोठून घेतले ते कळते, आणि त्यावरून लक्षावधी, प्रसंगी कोट्यवधी, बिंदूंची स्थाने निश्चित होतात. या क्षेत्रातले लोक या समुच्चयास 'पॉइंट क्लाउड' म्हणतात. आपण बिंदुमेघ म्हणू.

या बिंदुमेघाचे दफ्तर उघडून पाहिले तर त्यात काय दिसते? प्रत्येक बिंदूची एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत सहा रकाने भरलेले: पहिले तीन स्थानाचे, पुढचे तीन तांबडा, हिरवा व निळा या रंगांचे. एवढेच. दगडाचा बिंदू, वडाच्या पानाचा बिंदू आणि मिरचीचा बिंदू या दफ्तरात एकाच पंक्तीला बसलेले असतात. हा बिंदू कोणाचा, हे सांगणारा सातवा रकाना कोरा असतो. आणि जमिनीच्या उताऱ्यात भोगवटादाराचा रकाना कोरा राहिला असता त्या उताऱ्याचा जेवढा उपयोग व्हावा, तेवढाच या दफ्तराचा होतो.

हा रकाना भरण्याचा पहिला टप्पा म्हणजे जमीन वेगळी काढणे. त्यासाठी चीनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये सुचविलेली एक युक्ती इतकी घरगुती आहे, की ती सविस्तर सांगण्याचा मोह आवरत नाही. सगळा बिंदुमेघ प्रथम उलटा करावयाचा. असे केले की जमीन वर येते आणि घरे, झाडे, दीपमाळा या सर्वांचे खाली लोंबणारे खळगे होतात. आता वरून एक काल्पनिक वस्त्र त्यावर अलगद सोडावयाचे. वस्त्र पुरेसे ताठ असेल तर ते खळग्यांत न शिरता त्यांच्या तोंडावरून जाते आणि जमिनीला मात्र सर्वत्र चिकटून राहते. मग वस्त्रापासून ठरावीक अंतराच्या आत जे बिंदू असतील ते जमीन, बाकीचे जमिनीवरचे. सारे मर्म वस्त्राच्या ताठपणात आहे. सपाट माळरानावर मांजरपाटासारखे ताठ वस्त्र चालते. सह्याद्रीच्या कड्यावर तेच वापरले तर ते कड्याच्या अंगाला न लागता दूर ताणलेले राहते आणि कडा 'जमिनीवरची वस्तू' ठरतो, आणि मलमलीसारखे मऊ घेतले तर ते घराच्या खळग्यात उतरून छपरालाच जमीन समजते. आपल्या दीपमाळेच्या बाबतीत अडचण नेमकी चौथऱ्यापाशी येते. वितभर उंचीचा तो चौथरा वस्त्राच्या लेखी जमीनच असतो, म्हणून यंत्राने सोडविलेली माळ पायाविना हवेत तरंगते. चौथरा माळेचा की पटांगणाचा, हे कोणीतरी माणसाने सांगावे लागते.

दुसरा टप्पा भिंतींचा. ओवऱ्यांच्या सपाट भिंती ओळखण्यासाठी मार्टिन फिश्लर व रॉबर्ट बोल्स यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आजही वापरात आहे, आणि तिची रीत एखाद्या पंचायतीसारखी आहे. कोणतेही तीन बिंदू चिठ्ठ्या टाकून उचलावयाचे, त्यांतून जाणारे एक प्रतल कल्पावयाचे आणि उरलेल्या बिंदूंपैकी किती त्या प्रतलाच्या बाजूने आहेत ते मोजावयाचे. असे शेकडो वेळा करून ज्या प्रतलाला सर्वाधिक पाठिंबा मिळेल ती भिंत. हट्टी, चुकार बिंदू पुष्कळ असले तरी या पद्धतीत ते सहसा निकाल बिघडवू शकत नाहीत, कारण त्यांचे आपसांत क्वचितच एकमत होते.

जमीन व भिंती बाजूला झाल्यावर उरलेल्या बिंदूंचे घोळके पाडावयाचे. जत्रेत उंचावरून पाहिले असता पाळण्यापाशी एक गर्दी, प्रसादाच्या दुकानापाशी दुसरी आणि मध्ये तुरळक माणसे असे दिसते. तसेच दाटी कोठे आहे हे पाहून बिंदूंचे गट करण्याची पद्धत १९९६ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी मांडली. पण एका पाळण्यापासून प्रसादाच्या दुकानापर्यंत रांग लागली, की दोन गर्द्यांची एक गर्दी होते. तद्वत वडाची एकच पारंबी दीपमाळेला टेकली, की यंत्राच्या दृष्टीने वड आणि दीपमाळ ही एकच वस्तू ठरते. अशा वेळी प्रत्येक बिंदूच्या शेजाऱ्यांची ठेवण पाहतात. तारेवरच्या बिंदूचे शेजारी एकाच रेषेत असतात, दगडावरच्या बिंदूचे शेजारी एका पृष्ठावर पसरलेले असतात, आणि पानांतल्या बिंदूचे शेजारी कोणत्याही एका शिस्तीत न बसता तिन्ही दिशांना विखुरलेले असतात. रंगाची साक्षही घेतात, आणि हिरवे ते झाड असे धरून चालतात. परंतु श्रावणात दीपमाळेवर शेवाळ चढलेले असेल तर ही साक्ष फिरते. म्हणून जाणते लोक असे काम पानगळ झाल्यावर, ढगाळ उजेडात, सावल्या फिक्या असताना उरकतात. सोडवणुकीचे अर्धे काम संगणकावर नसून दिवस आणि वेळ निवडण्यात आहे.

आकाशाच्या निळ्या चिंध्यांची कथा निराळी आहे. माळेच्या कडेवर पडलेल्या पिक्सेलमध्ये अर्धा दगड आणि अर्धे आकाश असते, आणि यंत्र त्या दोहोंची सरमिसळ करून एक निळसर दगडी बिंदू हवेत चिकटवून देते. ही चूक बिंदुमेघात दुरुस्त करण्यापेक्षा मुळात छायाचित्रात दुरुस्त करणे सोयीचे. त्यासाठी प्रत्येक चित्रात वस्तूखेरीज बाकीचा भाग झाकून टाकतात. या झाकणाला 'मास्क' म्हणतात. तीनशे चित्रांवर हाताने मास्क आखणे हे पूर्वी हातातली पेन्सिल झिजवण्यासारखे काम होते. एप्रिल २०२३ मध्ये मेटा कंपनीने 'सेगमेंट एनीथिंग' ही प्रणाली खुली केली. सुमारे १ कोटी १० लाख छायाचित्रे आणि त्यांतील शंभर कोटींहून अधिक मास्क यांवर ती शिकविलेली आहे, आणि चित्रात दीपमाळेवर एक टिंब ठेवले की पुष्कळदा ती माळेची पुरी कड आखून देते. मग एकच बिंदू ज्या वीस-पंचवीस चित्रांत दिसतो, त्यांतल्या बहुसंख्य चित्रांनी त्याला माळेचा म्हटले तर तो माळेचा, असा कौल घेता येतो.

येथे एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे, आणि नवशिके हमखास तिलाच ठेच खातात. पार्श्वभूमी शेवटी टाकावयाची असली तरी आरंभी तिच्यावाचून चालत नाही. दीपमाळ चोहोबाजूंनी सारखी असते. पूर्वेकडून घेतलेले चित्र आणि पश्चिमेकडून घेतलेले चित्र यांत केवळ दगडी हातच पाहिले तर भेद सांगता येत नाही, आणि वड, ओवऱ्या व फरसबंदी आधीच झाकून टाकल्या तर यंत्र पूर्वेची बाजू पश्चिमेवर दुमडून मोकळे होते. चित्रांची रुजवात घालून देणारे साक्षीदार तेच असतात, ज्यांना निकालानंतर आपण बाहेर काढणार असतो. म्हणून आधी सगळा पसारा ठेवून कॅमेऱ्याची स्थाने ठरवावयाची आणि नंतर मास्क लावून दाट बिंदू काढावयाचे, हा क्रम होय. उलट, संग्रहालयातील लहानशी मूर्ती फिरत्या पाटावर ठेवून स्थिर कॅमेऱ्याने टिपावयाची असेल तर मागची भिंत अगदी प्रथमच झाकावी लागते. कारण मूर्ती फिरते, भिंत फिरत नाही, आणि दोन विरुद्ध साक्षी एकदम ऐकल्यावर कोणाही पंचाची मती गुंग व्हावी तशी यंत्राची होते.

अलीकडे हे नियम हाताने घालून देण्याऐवजी उदाहरणांवरून यंत्राने ते स्वतःच शिकावे, या मार्गाकडे ओढा वाढला आहे. बिंदूंचा क्रम कसाही बदलला तरी मेघ तोच राहतो, ही अडचण ओलांडून थेट बिंदुमेघावर शिकणारी 'पॉइंटनेट' ही रचना स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये मांडली आणि तिच्या पाठोपाठ अनेक निघाल्या. त्यांचा पराक्रम मोठा आहे. पण ज्या नगरात यंत्राचे शिक्षण झाले त्या नगरातल्याच वस्तू त्याला ठाऊक असतात. ज्याने आयुष्यात एकही दीपमाळ पाहिलेली नाही ते यंत्र तिला खांब, धुराडे किंवा झाडाचे खोड यांपैकी कशात तरी जमा करून टाकील.

आतापर्यंत दीपमाळ ही वस्तू आणि वड हा पसारा, असे मी गृहीत धरीत आलो. परंतु हा भेद बिंदूंत कोठेही लिहिलेला नाही. वनखात्याचा मनुष्य तोच मेघ मागून घेईल तर त्याची वस्तू वड होय, आणि दीपमाळ हा त्याच्या मार्गातला अडथळा. ग्वाटेमालाच्या उत्तर भागातील अरण्यावर विमानातून लेसर किरणांनी केलेल्या पाहणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात याचे भव्य उदाहरण आहे. लेसरचा एकच झोत पानांच्या फटींतून खाली जाताना प्रथम शेंड्यावरून, मग फांदीवरून आणि शेवटी जमिनीवरून परततो. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो, म्हणून या परतीच्या क्षणांतील सूक्ष्म अंतरावरून प्रत्येकाची उंची कळते. संशोधकांनी वृक्षांचे सर्व बिंदू बाजूला सारले तेव्हा २,१०० चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेशात माया लोकांच्या ६१ हजारांहून अधिक प्राचीन वास्तूंच्या खुणा उघड्या पडल्या. ज्याला आजवर सारे अरण्य म्हणत होते, तेच येथे पार्श्वभूमी ठरून दूर झाले. आणि तरीही त्या अरण्याची उंची व दाटी मोजू इच्छिणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाला नेमके तेच बाजूला सारलेले बिंदू हवे असतात.

या कारणास्तव जबाबदार आलेखक बिंदू पुसत नाही. तो त्यास वर्ग देतो. बिंदुमेघाच्या साठवणीचा जो आंतरराष्ट्रीय नमुना रूढ आहे, त्यात प्रत्येक बिंदूला एक वर्गांक देण्याची तजवीज केलेली आहे: २ म्हणजे जमीन, ३, ४ व ५ म्हणजे अनुक्रमे ठेंगणी, मध्यम व उंच वनस्पती, ६ म्हणजे इमारत, ९ म्हणजे पाणी. आपला कोरा सातवा रकाना तो हाच. वर्गांक चुकला तर उद्या बदलता येतो. पुसलेला बिंदू परत येत नाही.

परंतु काही हद्दी, उदाहरणार्थ गावठाणातील घरांच्या, अशा असतात की त्या कोणत्याही बिंदूच्या स्थानात वा रंगात असूच शकत नाहीत. ब्रिटिश अमदानीत महसुलासाठी शेतजमिनीची मोजणी झाली. गावठाणे मात्र बहुतेक ठिकाणी घरनिहाय मोजली गेली नव्हती, आणि त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घराचाही दाखला गावकऱ्यांपाशी नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी महाराष्ट्राच्या भूमी अभिलेख विभागाने भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साहाय्याने ड्रोनने गावठाण मोजणीचा प्रयोग पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे केला, आणि पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने 'स्वामित्व' योजना जाहीर केली. तिच्या अन्वये मिळणाऱ्या मिळकत पत्रिकेस आपल्याकडे सनद म्हणतात.

आता गावठाणावरून उडणाऱ्या ड्रोनला काय दिसते? छपरे दिसतात. भिंत दिसत नाही, कारण ती वळचणीखाली असते. आणि दोन घरांमधल्या बोळात कोणाच्या पागोळ्या कोणाच्या हद्दीत पडतात यावरून तीन पिढ्यांचे कज्जे चाललेले असतात, त्यांचा तर वरून मागमूसही लागत नाही. दोन भावांनी एकाच पत्र्याखाली घर वाटून घेतले असेल तर यंत्राला तेथे एकच वस्तू दिसणार, आणि मोडलेल्या कुंपणापलीकडची मोकळी जागा कोणाची हे तर कितीही सूक्ष्म पिक्सेल सांगू शकणार नाही. म्हणून या योजनेत एक जुनी, साधी रीत ठेवलेली आहे. ड्रोन उडण्यापूर्वी गावकऱ्यांच्या समक्ष, ग्रामपंचायतीच्या साक्षीने, प्रत्येक मिळकतीची हद्द जमिनीवर चुन्याच्या फक्कीने आखतात. वरून घेतलेल्या चित्रात ती पांढरी रेघ उमटते आणि नकाशावर तिचीच हद्द होते. त्यानंतर जागेवर पडताळणी आणि हरकतींची चौकशी असते. वस्तूला तिच्या परिसरापासून वेगळे करण्याचे जे काम पुढे संगणक करतो, त्याचा निर्णायक भाग येथे फक्कीची पाटी हातात घेतलेल्या माणसाने आधीच करून ठेवलेला असतो.

ती चुन्याची रेघ पहिल्या पावसात धुऊन जाते; मिळकत पत्रिकेवर उतरलेली रेघ राहते. तेव्हा ज्या दिवशी आपल्या गावात चुना पडणार असेल, त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या वळचणीखाली जातीने हजर राहावे.